तारेवरचे धवले

माझ्या दुकानात येणारी निम्मी यंत्रं आपणहून बिघडलेली असत आणि निम्मी मालकाने दुरुस्त केलेली. या दुसऱ्या जातीला वेळ फार लागे. आधी मालकाची दुरुस्ती काढून टाकायची, मग त्याखाली दडलेला मूळ बिघाड शोधायचा, आणि हे सगळं करताना मालक समोर स्टुलावर बसून सांगत असायचा, की मी काही विशेष केलेलं नाही हो, नुसतं उघडून बघितलं.

ठाण्याला जांभळी नाक्याजवळच्या एका बोळात माझं रेडिओ आणि ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागे ते सुरू केलं. त्या काळात सुटे भाग मुंबईलाही मुश्किलीने मिळत, त्यामुळे जो तो घरात असेल त्यावर भागवायचा. आमच्या गल्लीतल्या एका वकिलांनी ग्रामोफोनच्या कमानीला तूप लावलं होतं. ग्रामोफोनच्या पोटात एक लांब पोलादी पट्टी गुंडाळलेली असते, किल्ली दिली की ती आवळते आणि सैल होता होता तबकडी फिरवते. तिला काळं, घट्ट वंगण लागतं. वकीलसाहेबांच्या यंत्रातून मी मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड बाहेर काढलं, तेव्हा ते म्हणाले, "दामले, तूप बाजारचं नव्हतं हो, घरचं साजूक होतं." जणू मुंग्यांनी त्याचा विचार करायला हवा होता.

डोंबिवलीच्या एका भजनी मंडळाने याच्याही पुढची मजल मारली. त्यांचा मायक्रोफोन जुन्या पद्धतीचा होता. त्यात कोळशाचे बारीक दाणे भरलेले असतात. आवाजाने ते दबतात, सुटतात आणि त्याप्रमाणे विजेचा प्रवाह कमीजास्त होतो. मंडळाच्या सेक्रेटरींनी तो उघडला आणि दाणे सतरंजीवर सांडले. मग त्यांनी शेगडीतले कोळसे कुटले, पातळ फडक्यातून गाळले आणि भरले. नवल म्हणजे मायक्रोफोन चालला. बुवांना कायमचं पडसं झाल्यासारखा आवाज यायचा, पण यायचा. मला मनातून त्या गृहस्थांचं कौतुक वाटलं होतं, आणि ते मी त्यांना बोलून दाखवलं नाही याची आज रुखरुख वाटते. दुकानदाराने गिऱ्हाइकाला उत्तेजन देऊ नये असा माझा तेव्हा समज होता.

मी हसायचो या लोकांना, पण ते बोळाच्या टोकाला दिसेनासे झाल्यावर. खरं सांगायचं तर माझा धंदा त्यांच्यावर चालला, आणि मी स्वतःही असाच उघडून बघत बघत शिकलो होतो. फरक इतकाच की माझ्या चुका मी दुकानाच्या आत करत होतो. या सगळ्या मंडळींत मला सर्वांत जवळचे वाटले आणि ज्यांच्या एका दुरुस्तीने माझी झोप उडवली, ते कल्याणचे प्रधान.

प्रधान कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात होते. घर कल्याणला, पारनाक्याच्या बाजूला. त्यांना आवाज साठवायचं वेड होतं. माणसं पोस्टाची तिकिटं जमवतात तसे हे आवाज जमवत. घराची मागची खोली त्यांनी त्यासाठी मोकळी केली होती. भिंतींना आधी गोणपाट, त्यावर गोधड्या ठोकलेल्या, खिडकीत उशा कोंबलेल्या. आढ्याला पाळण्याचा आकडा होता, त्याला मायक्रोफोन टांगलेला. पंख्याची घरघर ऐकू येते म्हणून पंखा बंद. त्या खोलीत गाऊन बाहेर आलेला माणूस विहिरीतून काढल्यासारखा ओलाचिंब असे. प्रधानवहिनी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहत. पाळण्याच्या आकड्याचा असा उपयोग झाला याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. त्यांना मूल नव्हतं.

त्यांच्याकडचं यंत्र अमेरिकन लष्कराचं होतं. लढाई संपल्यावर इकडच्या छावण्यांतलं सामान लिलावात निघालं, ते हातोहात फिरत कल्याणजवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडे आलं आणि तिथे प्रधानांच्या नजरेस पडलं. टेपरेकॉर्डर पुढे सगळ्यांनी पाहिले. हे त्याच्या आधीचं. यात फीत नसे, केसासारखी बारीक पोलादी तार असे. एका रिळावरून दुसऱ्या रिळावर ती सेकंदाला दीड हात या वेगाने पळायची आणि वाटेत एका चुंबकाला घासून जायची. आवाज त्या तारेत चुंबकाच्या रूपाने भरला जायचा. डोळ्यांना काही दिसत नाही, हाताला काही लागत नाही. तार तुटली तर दोन टोकांची साधी गाठ मारायची, उरलेली शेपटं कापायची आणि पुढे चालू करायचं. हे कुणीही घरी करू शकतं, आणि तिथेच धोका होता. ही तार रिळावर आहे तोवर शहाणी. एकदा सैल सुटली की तिचा असा गुंता होतो की देवालाही टोक सापडू नये.

प्रधानांच्या हाताखाली बाळाराम नावाचा एक कामगार होता. मोहन्याच्या पलीकडच्या पाड्यातला, आगरी. थोडी भातशेती घरची होती, बाकी पोट कारखान्यावर. त्याच्या भावकीतल्या एका लग्नाला प्रधान गेले आणि तिथे त्यांनी बाळारामच्या आईला गाताना ऐकलं. तिचं नाव हौसाबाई. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या मंत्रांइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, धवलारणीच्या गाण्याला महत्त्व असतं. मांडव घालण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचं तिचं गाणं ठरलेलं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. देवांना ती बोलावते, हळद ती लावून घेते, आणि मुख्य म्हणजे त्या घरातल्या गेलेल्या माणसांना ती नाव घेऊन लग्नाचं आवतण देते. ज्याचं नाव घेतलं नाही तो मांडवाच्या दाराशी उभा राहतो, आत येत नाही, अशी समजूत. हे सगळं तोंडपाठ. कागद कुठेच नाही.

प्रधानांनी हौसाबाईंना त्या गोणपाटाच्या खोलीत आणलं. लग्न नसताना रिकामे धवले म्हणायचे नाहीत, म्हणून त्या आधी तयार होईनात. शेवटी त्यांनी तोड काढली. बाळारामची मुलगी मंजुळा लग्नाच्या वयाला आली होती. तिचंच लग्न आहे असं मानून त्यांनी सगळं म्हटलं, म्हणजे त्यात त्यांच्याच घराण्याची नावं आली. नंतर प्रधानांनी त्यांना त्यांचा आवाज ऐकवला. बाई पदर तोंडाशी धरून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "माजे आयसारका गाते ती." स्वतःचा आवाज त्यांनी ओळखला नव्हता. हा प्रसंग प्रधान मला नेहमी सांगत.

त्यानंतरच्या पावसाळ्यात हौसाबाईंना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दिवाळीनंतर मंजुळाचं लग्न ठरलं, वैशाखातलं. आणि धवले म्हणायला कुणी नाही. शेजारच्या गावची दुसरी धवलारीण बोलावता आली असती, पण तिला या घरची नावं कुठून ठाऊक असणार? बाळारामच्या बायकोने, गुलाबने, सासूच्या मागे उभं राहून पुष्कळ वेळा सूर धरला होता, पण मागे सूर धरणं वेगळं आणि पुढे उभं राहून म्हणणं वेगळं. बाळाराम प्रधानांकडे आला. "सायेब, आयचा गाना तुमचे तारंत हाय. माजी बायको त्यावरशी शिकंल."

प्रधानांना मूठभर मांस चढलं. त्यांनी त्याच संध्याकाळी यंत्र लावलं, आणि आता त्यांची दुरुस्ती मध्ये येते. यंत्र अमेरिकेचं, ते एकशेदहा व्होल्टवर चालणारं. आपल्याकडची वीज त्याच्या दुप्पट. मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो, विजेचा दाब निम्मा करणारा. कॅम्पातून आणलेला ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो म्हणून प्रधानांनी नवा घरीच गुंडाळला होता. तांब्याच्या तारेच्या थरांमध्ये मेणकागद लागतो, त्यांनी नकाशांचा जुना कागद घातला. सुबक काम होतं, रेघेत रेघ. गाणं निम्म्यावर आलं असेल तेव्हा कागद जळला, सगळा दाब यंत्रात शिरला, मोटर जळाली, आणि एक रीळ थांबलं तरी दुसरं फिरत राहिलं. खोलीत तारेचं जाळं पसरलं. प्रधानांनी बराच वेळ गुंता सोडवायचा प्रयत्न केला. अखेर कात्री घेतली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. उघडून बघितलं वगैरे काही म्हणाले नाहीत.

"दामले, मी हात घातलाय," ते म्हणाले.

"किती?"

"कोपरापर्यंत."

मी यंत्र बघायला कल्याणला गेलो. मोटर कोळसा झाली होती, पण बाकीचं वाचलं होतं. जीव भांड्यात पडला. मग रीळ हातात घेतलं. तारेवर त्यांनी नीट गाठ मारलेली होती, शेपटं कापलेली, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. मी विचारलं, "कापून काढलेली कुठे आहे?"

प्रधानांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी आत गेल्या आणि मोरीतून लिंबाएवढा एक गोळा घेऊन आल्या. दुधाचं पातेलं करपलं होतं. काथ्याने निघेना, आणि कचऱ्यात ही बारीक चकचकीत तार पडलेली. पातेलं लख्ख निघालं होतं.

मी हसलो नाही. सेकंदाला दीड हात तार जाते म्हटल्यावर एवढ्या गोळ्यात किती गाणं असेल याचा हिशेब आम्ही तिघंही मनातल्या मनात करत होतो. मी तो गोळा कागदात बांधून दुकानात नेला आणि पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकं नसतील तेव्हा चिमट्याने सोडवत बसायचो. तार जागोजाग मुरगळून तुटली होती. वीतभर लांबीचे तुकडेच हाती लागत. यंत्र चालू झाल्यावर त्यातल्या त्यात लांब तुकडा मी चांगल्या तारेला गाठवून चालवून पाहिला. क्षणभर काहीतरी झालं. शब्द नव्हता, अक्षरही नव्हतं. कुणीतरी बोलायला तोंड उघडावं तेवढंच. मी ते पुन्हा लावून पाहिलं नाही.

यंत्र चालू करणं हे तसं माझ्या हातचं काम होतं. ट्रान्सफॉर्मर बाजारातून चांगला आणला, प्रधानांना त्याला हात लावणार नाही अशी शपथ घातली. त्याच जातीची मोटर मिळणं शक्य नव्हतं, म्हणून विजेवरच्या ग्रामोफोनची एक जुनी मोटर बसवली. आणि तिथे एक नवीनच अडचण उभी राहिली. नव्या मोटरचा वेग वेगळा. तार जास्त जोरात पळाली की आवाज बारीक आणि चढा होतो, हळू गेली की जाड, ओढल्यासारखा. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी खरा आवाज असतो. तो कुठे, हे सांगणार कोण? प्रधान म्हणाले, "याच्यापेक्षा खाली होता." गुलाबला बोलावून ऐकवलं. ती खाली मान घालून ऐकत होती. म्हणाली, "आयचा गला हा नाय. पन कसा होता ता मना नाय सांगता येत."

मी माझ्या धंद्यात पुष्कळ मापं वापरली, पण माणसाच्या गळ्याचं माप माझ्यापाशी नव्हतं. मग बाळारामच म्हणाला, "आयलाच इचारू." पाड्यात वीज नव्हती. म्हणून एका रविवारी हौसाबाईंना बैलगाडीत पेंढा आणि गादी घालून कल्याणला आणलं. बाळारामने आईला उचलून त्या गोणपाटाच्या खोलीत निजवलं. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. लहानशी बाई, चेहरा एका बाजूला ओढलेला, डोळे मात्र लखलखीत. वहिनींनी त्यांचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि त्या तशाच बसून राहिल्या.

मी तार चालू केली. हौसाबाईंनी ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

वेग कमी करायचा माझा उपाय अगदी गावठी होता. तार ओढणाऱ्या रिळाच्या खाली एक चाक असतं, त्यावर मोटरचा पट्टा चालतो. त्या चाकावर सुती दोरा गुंडाळून वर लाखेचं रोगण लावलं की चाक थोडं जाड होतं आणि तेवढं सावकाश फिरतं. एक थर दिला, वाळवला, पुन्हा लावलं. पुन्हा तोंड भिंतीकडे. आणखी एक थर. प्रधान पुठ्ठ्याने वारा घालून रोगण वाळवत होते. बाळाराम दाराशी उकिडवा बसला होता. खोलीत लाखेचा आणि घामाचा वास भरला होता. किती वेळ हे चाललं ते आता सांगता येणार नाही, पण दुपारची जेवणं कुणालाही आठवली नाहीत.

मग एकदा तार चालू केली आणि हौसाबाईंचा डावा हात गादीवरून उचलला गेला. तो खाली आला, पुन्हा वर गेला. त्या ठेका धरत होत्या. हाताच्या बोटांनी नव्हे, अख्ख्या तळव्याने, मांडवात बसल्यासारखा. गुलाब हुंदका देऊन म्हणाली, "ही आय." मी चाकाला हात लावला नाही, तसंच चालू ठेवलं. माझे डोळे भरून आले होते आणि मी यंत्रावर वाकून काहीतरी बघत असल्याचं सोंग केलं.

गाणं गाठीपाशी आलं. तारेवरची हौसाबाई म्हणाली, "या गं या," आणि त्यापुढे एकदम देवांच्या पाया पडण्याचं कडवं सुरू झालं. गादीवरच्या हौसाबाईंचा हात मात्र थांबला नाही. तो आपल्या चालीने पुढे चालला, ओठ हलत होते, आणि तारेवरचं गाणं भलतीकडे गेल्याचं कळल्यावर हात हवेतच राहिला. त्यांनी एकदा यंत्राकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. कुठे गेल्या, असं विचारल्यासारखी ती नजर होती.

वहिनींनी मान खाली घातली. कापून गेलेला भाग नेमका आवतणाचा होता. आवतणात पुरुषांची नावं आधी येतात, ती तारेवर शाबूत होती. गेली होती ती बायकांची. या घरात नांदून गेलेल्या सासवा, एकीमागून एक, नाव घेऊन. पुरुषांची नावं भावकीतल्या कुणालाही विचारली तर चार-पाच पिढ्यांची निघाली असती. बायकांची नावं विचारल्यावर जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला. बाळाराम म्हणाला, "आजीला आमी आजीच म्हनायचो. तिचा नाव कोन घेनार?" नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नाही, सुनेने सासूचं घ्यायचं नाही, पोरांना आईचं नाव लागत नाही. ती नावं फक्त धवल्यात घेतली जात, आणि धवले हौसाबाईंपाशी होते. बाळारामने आठवतील तेवढी नावं आईसमोर म्हणून पाहिली. आधी त्या नाही म्हणून मान हलवत होत्या, मग थकल्या आणि कुठल्याही नावाला होकाराची मान हलवू लागल्या. डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळत होतं. मीच म्हटलं, आता पुरे.

हौसाबाईंना घेऊन गाडी परत गेली. वहिनी त्या दिवसापासून पुढे कित्येक वर्षं मला विचारत, "काही जुळलं का हो त्या तुकड्यांतून?" मी नाही म्हणायचो. त्या तेवढ्यावर थांबत.

मग गुलाबचं शिकणं सुरू झालं. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी ती बाळारामबरोबर यायची, गोणपाटाच्या खोलीत यंत्रासमोर जमिनीवर बसायची. तारेवर एक ओळ झाली की मी यंत्र थांबवायचो, ती म्हणायची, मग पुढची. मी ठाण्याहून मुद्दाम जात असे, कारण प्रधानांच्या हातात यंत्र एकटं सोडायची माझी छाती होत नव्हती. पहिल्यांदा तिचा आवाज ओठांबाहेर पडत नव्हता. हळूहळू तो सुटला. गाठ आली की ती गप्प बसायची, गाठ गेली की पुन्हा सुरू करायची. तिला ते गाणं तसंच बसत चाललं होतं, मधल्या भोकासकट. मी एकदा म्हटलं, "गुलाबबाई, इथे तुमच्या मनाने चार नावं घाला, कुणाला कळणार आहे?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

शिमग्याच्या आधी हौसाबाई गेल्या. घरात मृत्यू झाला म्हणून लग्न वर्षभर पुढे गेलं. मला वाटलं होतं, आता हे सगळं सुटेल, ते लोक दुसरी धवलारीण ठरवतील. पण गुलाब महिन्याभरात पुन्हा आली आणि तशीच जमिनीवर बसली. तारेवर सासूचा आवाज सुरू झाला तेव्हा तिने हात जोडले, बस. बाकी शिकणं पूर्वीसारखंच.

पुढच्या वैशाखात मंजुळाचं लग्न झालं. प्रधान, वहिनी आणि मी तिघंही गेलो. नवऱ्यामुलाकडच्या एका हौशी माणसाने सुचवलं होतं, की यंत्र आणि बॅटऱ्या आणून म्हातारीचाच आवाज कर्ण्यावर लावा. प्रधानांचे डोळे चमकले होते, ते खोटं कशाला बोलू, माझेही चमकले. पण भावकीतल्या म्हाताऱ्यांनी साफ नाही म्हटलं. मेलेल्या माणसाच्या आवाजाने जित्या माणसांचं लग्न लावत नाहीत, एवढंच ते म्हणाले. मला ते पटलं. यंत्राचं काम शिकवण्यापुरतं होतं आणि ते झालं होतं.

मांडव आंब्याच्या डहाळ्यांनी भरलेला होता. गुलाब हिरवं लुगडं नेसून उभी राहिली, तिच्यामागे सूर धरायला चार-पाच बायका. तिने तोंड उघडलं आणि माझ्या शेजारी प्रधानांनी माझा हात दाबला. चाल तीच, थांबण्याच्या जागा त्याच, श्वाससुद्धा हौसाबाईंच्या जागेवर घेतलेला. आवाज मात्र तिचा स्वतःचा होता, जाडसर आणि थोडा थरथरणारा. म्हाताऱ्या बायका माना डोलावू लागल्या. मला ते ऐकायला बरं वाटत होतं आणि धास्तीही वाटत होती, कारण त्या मांडवात फक्त आम्हा तिघांना, बाळारामला आणि तिला ठाऊक होतं की पुढे गाठ आहे. वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि त्या ते आवळत होत्या.

पुरुषांची नावं झाली. गुलाब म्हणाली, "या गं या."

ती थांबली. तारेवर ती जागा नव्हती, म्हणजे इथे थांबायला ती कुणाकडून शिकलेली नव्हती. मागच्या बायका सूर धरून वाट बघत होत्या. मग तिने मान वर करून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, नाव घेतलं. "हौसा." सुनेच्या तोंडून सासूचं नाव. पुन्हा एकदा, चालीत बसवून, लांबवून घेतलं. मागच्या बायकांनी ते उचललं. आणि ती पुढे देवांच्या पाया पडायच्या कडव्याकडे वळली.

एकच नाव. बाकीच्या कुणी नाहीत. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पण गाणं पुढे गेलं होतं आणि हळद सुरू झाली होती. वहिनी तोंडात पदर धरून रडत होत्या. मला मात्र, कामाच्या माणसाची सवय म्हणा, अपुरं राहिल्याची टोचणी लागली. हौसाबाई आत आल्या हे खरं, पण त्यांच्यामागच्या त्या सगळ्या मांडवाच्या दारातच राहिल्या ना?

जेवणाच्या वेळी गुलाब पंक्तीतून फिरत आमच्यापाशी आली. हात कोपरापर्यंत हळदीने माखलेले होते. मी जरा भीतभीतच विचारलं, "गुलाबबाई, एकच नाव घेतलंत. बाकीच्यांची राहिली."

"मना कुठं ठाव हायत ती?" ती म्हणाली. तिच्या आवाजात खंत नव्हती. "आय वलखते ना सगल्यांना. ती आनील त्यांना संगं."

मग तिने वाढप्याला हाक मारली आणि वहिनींच्या पानात भात वाढायला सांगितला.